इतिवृत्तात घ्या

ग्रामसभेची वेळ सकाळी दहाची, म्हणजे आमच्याकडे सव्वाअकराची. नाना मात्र साडेनऊलाच मारुतीच्या पारावर येऊन बसलेले असतात. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि मांडीवर खताच्या दुकानातून मिळालेली नायलॉनची पिशवी. तिच्यात शासन निर्णय, माहिती अधिकाराचे अर्ज, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं आणि सुपारी सुखाने नांदतात. हवा तो कागद नाना न बघता, नुसता चाचपून काढतात.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात सरपंच बदलतात. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ग्रामसेवक भाऊसाहेबांचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला. नानांचं तोंडचं वाक्य तेवढं तेच राहिलं : “भाऊसाहेब, हे इतिवृत्तात घ्या.”

आधी कोरम. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाना बोट नाचवत मोजतात. “सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव... भाऊसाहेब, झोपलेला धरायचा का?” शंभर भरत नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावाला पाठ आहे. म्हणून गाव तहकूब सभेलाच येतं आणि तेव्हा बसायला जागा उरत नाही.

नानांना राजकारणात काही मिळवायचं नाही. एकदा उभे राहिले होते, अनामत गेली, तिची पावती पिशवीत आहे. त्यांना फक्त दोन गोष्टी हव्या असतात : गावातल्या प्रत्येक गरिबाला घरकुल आणि गायरानाचा एक चौरस फूटही कमी न होणं. एकाच सभेत ते पाठोपाठ दोन्ही ठराव मांडतात. मग मागून कुणीतरी ओरडतं, “नाना, मंग घर काय बाभळीवर बांधायचं?”

“हिवरे बाजारला...” नाना सुरू करतात आणि सभा हळूच तंबाखू मळायला घेते. कधीकाळी गावाची सहल त्या आदर्श गावी गेली होती. सगळे जेवणाची चव घेऊन परत आले, नाना चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि ‘बाहेरच्याला जमीन विकायची नाही’ हा नियम घेऊन आले. “तिथं सरपंच पोपटराव पवार होते, नाना. इथं तुम्ही आहात,” असं एक पोरगं म्हणालं. नाना म्हणाले, “हे पण घ्या इतिवृत्तात.”

गायरानाचा विषय निघाला की माळढोक येतो. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात लोकांची शेतं, वस्त्या, सगळंच आलं. पुढे ते १,२२२वर आणलं गेलं. माझ्या पिढीने माळढोक पाहिलेला नाही, नानांनी बहात्तरच्या दुष्काळात पाहिला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो कोंबड्याएवढा होता, पुढे बोकडाएवढा झाला. मी शाळेतल्या पुस्तकात बघितलं, तर पक्षी खरोखरच मीटरभर उंच. नानांना सांगायची चूक केली. आता तो कालवडीएवढा आहे.

पण एक सांगतो. शेवंताबाईचं (हे तिचं खरं नाव नाही) नाव घरकुलाच्या ‘ड’ यादीत आलं, तेव्हा तिच्याकडे जागाच नव्हती. सरकार १ लाख २० हजार देणार, रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी देणार, संडासाचे १२ हजार देणार. फक्त २६९ चौरस फुटांचं ते घर टेकवायचं कुठं, एवढंच राहिलं होतं. सगळे म्हणाले, गायरानात टाक. नानांनी पिशवीतून १२ जुलै २०११चा जीआर काढला : गायरान देता येत नाही. ती रडायला लागली. तेव्हा नानांनी दुसरा कागद काढला, दीनदयाळ उपाध्याय योजनेचा. जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत.

मग दोन महिने हा माणूस अर्ध्या गुंठ्यासाठी दारोदार फिरला. अर्धा गुंठा कोण विकणार? तुकडेबंदी आडवी आली. घरकुलासाठी सवलत आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीसाठी नगरला चार फेऱ्या. एसटीचं तिकीट नानांनी स्वतःच्या खिशातून काढलं, नंतर दोन रुपये सुट्ट्यांवरून कंडक्टरशी वाद घातला तो वेगळा. वाळूचं विचारलं की नाना मला म्हणत, “पाच ब्रास फुकट आहे, गुरुजी. नदीतून चालत येईना एवढंच.” अखेर ओढ्याकडेला जागा मिळाली. जोत्यापासून छतापर्यंत प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो निघाले. शेवंताबाई घरापुढे ताठ उभी आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नायलॉनची पिशवी.

घर उभं राहिल्यावर नानांना जोर चढला. “आता गायरानाची मोजणी! कुणाची भीड नको!” ठराव एकमताने झाला, एरवी नानांच्या ठरावाला अनुमोदक शोधावा लागतो. मोजणीवाले आले, साखळीऐवजी यंत्र घेऊन आले, याबद्दल नानांनी त्यांना आधी बोल लावला. तिसऱ्या दिवशी यंत्राची खूण नानांच्या गोठ्याच्या आत नऊ फुटांवर पडली. कडब्याची गंज तर पूर्ण गायरानात.

वस्तीवर सगळं गाव जमलं होतं, कुणी हसलं नाही. नानांनी सुपारी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाले, “घ्या इतिवृत्तात. अतिक्रमण नंबर एक, माझं.”

रीतसर नोटीस निघाली. शिपाई ती घेऊन गेला तेव्हा मी तिथंच ओट्यावर चहा पीत होतो. नानांनी चष्मा लावला, कागद दोनदा खालून वर वाचला, पाठ उलटून पाहिली आणि शिपायाच्या हातात परत दिला.

“ह्याच्यावर जावक क्रमांक न्हाई. अशी नोटीस मी घेत नसतो. नवी आणा, तवर मी कडबा हलवायला घेतो.”