कोळशाचा तोटा आणि मासळीचा तोटा

कच्छच्या आखातावरच्या मुंद्रा इथे टाटांचे 4,000 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. करारानुसार त्यातली पाचवा हिस्सा वीज महाराष्ट्राची. म्हणून तिथल्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे गुजरातचे आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

या प्रकल्पाची बोली लागली तेव्हा युनिटला 2 रुपये 26 पैसे या दराचे देशभर कौतुक झाले. कोळसा इंडोनेशियातून बोटीने यायचा, यंत्रे समुद्राच्या पाण्याने थंड करायची आणि वीज पाच राज्यांना वाटायची. पैसा परदेशातून आला. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने, 2008 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आशियाई विकास बँकेनेही 45 कोटी डॉलर दिले.

पुढे इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि कंपनीचे गणित कोलमडले. लगेच यंत्रणा हलली. 2013 मध्ये दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 2014 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने भरपाईचा वाढीव दर मंजूर केला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले की परदेशातला कायदा बदलला म्हणून इथला करार बदलत नाही. तरीही 2018 मध्ये गुजरात सरकारने नवी उच्चाधिकार समिती नेमली. 2022 मध्ये केंद्राने वीज कायद्यातल्या 11 व्या कलमाखाली आयात कोळशावरची केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवायला सांगितली आणि त्यांचे दर ठरवायला आणखी एक समिती दिली.

कंपनीला तोटा झाला, हे खोटे नाही. वीज थांबू नये म्हणून सरकारने मार्ग शोधला, यालाही माझा आक्षेप नाही. पण त्याच किनाऱ्यावर दुसराही एक तोटा झाला, आणि त्याच्यासाठी यातले एकही दार उघडले नाही.

त्रगडी, कोटडी ही तिथली ‘बंदरे’. या बंदरांवर धक्के नाहीत, क्रेन नाहीत. पावसाळा सरला की मच्छीमार कुटुंबे गाव सोडून किनाऱ्यावर येतात, झोपड्या उभारतात आणि आठ-नऊ महिने तिथेच मासे धरतात, वाळवतात, विकतात. त्यांच्यातले सर्वांत गरीब ते ‘पगडिया’. त्यांच्याकडे होडी नसते. ओहोटी लागली की ते चिखलातून चालत जाऊन जाळी लावतात. होडीवाला मासळीच्या मागे दूर जाऊ शकतो, पगडियाचे सारे जग त्या उथळ पट्ट्यात असते.

नेमक्या त्याच पट्ट्यात केंद्राचे गरम पाणी आले. इथली यंत्रणा समुद्रातून पाणी घेते, यंत्रे थंड करते आणि तेच पाणी तापलेल्या अवस्थेत कालव्यातून परत सोडते. मच्छीमारांचे म्हणणे सरळ आहे: किनाऱ्याजवळची मासळी घटली. पाणी आणण्यासाठी खोदलेल्या कालव्यामुळे विहिरी खाऱ्या झाल्या. कोळशाची भुकटी आणि राख वाळत घातलेल्या मासळीवर बसते, खारकेच्या झाडांवर बसते, पोरांच्या छातीत जाते. शेजारीच अदानींचे 4,620 मेगावॉटचे केंद्र उभे आहे. दोन्हींचा धूर एकाच आभाळात जातो, पण मंजुरीची कागदपत्रे वेगवेगळी.

2011 मध्ये मच्छीमार अधिकार संघर्ष संघटनेने आयएफसीच्या स्वतःच्या तक्रार यंत्रणेकडे, सीएओकडे, दाद मागितली. 2013 चा तिचा अहवाल प्रत्येक प्रकल्प अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. हंगामी वस्तीवर राहणाऱ्या मच्छीमारांना प्रकल्पबाधित म्हणून नीट मोजले गेले नाही. त्यांच्याशी पुरेशी चर्चा झाली नाही. समुद्रावर काय परिणाम होईल याचा अभ्यास तोकडा होता. आणि मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ही, की प्रकल्पाआधी हे लोक किती मासे धरत होते, किती कमावत होते, याची पुरेशी पाहणीच झाली नव्हती.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. आधी मोजायचे नाही. मग मासळी कमी झाली म्हणणाऱ्याला विचारायचे, आधी किती होती ते दाखव. जो रोज चिखलात उतरतो त्याच्याकडे चोपडी नसते. ती नोंद ठेवली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी 45 कोटी डॉलर देणाऱ्या आयएफसीची होती, आणि ती तिने टाळली. इंडोनेशियाच्या कोळशाचा टनाचा भाव सेंटापर्यंत मांडता येतो. पगडियाच्या टोपलीचा हिशेब मात्र कुणीच लिहून ठेवला नाही, म्हणून त्याचा तोटा ‘सिद्ध होत नाही’!

आयएफसीने अहवालातले बरेच निष्कर्ष अमान्य केले. जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिम योंग किम यांनी त्या उत्तराला संमती दिली. त्याच वर्षी जागतिक बँकेने यापुढे कोळशाला अपवादानेच पैसा देऊ, असे धोरण जाहीर केले होते. पुढचे धोरण सुधारले, मागच्या माणसांचे देणे तसेच राहिले.

2015 मध्ये हे मच्छीमार, नवीनाळ ग्रामपंचायतीसह, थेट वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. आयएफसीचा बचाव असा: आम्ही आंतरराष्ट्रीय संस्था, आमच्यावर खटलाच चालू शकत नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ते मान्य केले. 27 फेब्रुवारी 2019 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 1 मतांनी ते फेटाळले. अशा संस्थांना परदेशी सरकारांइतकेच संरक्षण आहे, संपूर्ण नाही, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. ‘जाम विरुद्ध आयएफसी’ हा निकाल आज जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो.

पण मच्छीमारांना त्यातून दमडी मिळाली नाही. खटला खाली परतला आणि 2020 मध्ये पुन्हा निकालात निघाला. कारण? तक्रारीचा गाभा अमेरिकेत नाही, भारतात घडला. 2021 मध्ये अपिलातही तेच झाले, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकायला नकार दिला. पण कर्जाचा निर्णय वॉशिंग्टनमध्येच झाला होता, पर्यावरणाच्या अटी करारात घातल्या गेल्या, त्या मोडल्या तर पैसा थांबवण्याचा अधिकार आयएफसीने आपल्या हातात ठेवला. हा अधिकार वापरला असता, तर कुणाला न्यायालयात जावेच लागले नसते.

कोळसा महागल्यावर आपण समित्या नेमतो, कारण त्याचा आकडा विजेच्या बिलात येतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या जनसुनावण्या होतात. ग्राहक संघटना तिथे पैशापैशासाठी भांडतात आणि त्यांनी भांडलेच पाहिजे. त्याच सुनावणीत महावितरणला एक लेखी प्रश्न विचारता येईल: मुंद्र्याची वीज विकत घेताना किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची भरपाई, गोड्या पाण्याची सोय आणि राखेचा बंदोबस्त, यांपैकी कोणती अट तुम्ही विक्रेत्याला घातली? पाचवा हिस्सा घेणाऱ्या ग्राहकाला अट घालता येते. दर परवडत नाही म्हणून करार पुन्हा उघडता येतो, हे तर कंपनीनेच दाखवून दिले आहे.