जीपकार

आमच्या गोव्यात भाट असतं तो भाटकार आणि जीप असते तो जीपकार. फरक एवढाच, की भाटकाराला भाट पोसतं आणि जीपला जीपकार पोसतो.

डिचोलीत असा माणूस वाड्यागणिक एक सापडतो. वय पन्नाशीच्या पुढं, नोकरी सरकारी, नखं काळी. सत्यनारायणाच्या तीर्थाला त्यानं हात पुढं केला की भटजी पळी जरा उंचावरून ओततात.

२०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार उभे राहिले, आणि त्या पडझडीत खाणीवर राबलेली एक जीप आमच्या जीपकाराच्या पदरात पडली. किंमत विचारू नये. बायकोला वेगळी सांगितलेली आहे. गाडीचं इंजिन प्यूजोचं, बॉडी कोल्हापुरात ठोकलेली, सीटा एका मोडीत निघालेल्या मिनीबसच्या. ‘पण चेसी अस्सल!’ असं तो बोनेटवर थाप मारून सांगतो. महिंद्रनं १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतली तिथपासून तो वंशावळ सुरू करतो. जीपचं गोत्र तेवढं सांगायचं राहतं.

जीप पडवीसमोर उभी असते आणि तिच्याखाली चार करवंट्या. एक इंजिनखाली, एक गिअरबॉक्स आणि फोर-बाय-फोरचा डबा जुळतात तिथं, एक मागच्या डिफ्रन्शियलच्या नाकाखाली, एक मागच्या डाव्या चाकाच्या आत. इंजिनचं तेल काळंकुट्ट. मागचं मधासारखं दाट, कुजक्या अंड्याचा वास मारणारं, नव्वद नंबरचं. रोज सकाळी तोंडात ब्रश धरून तो उकिडवा बसतो आणि करवंट्या तपासतो. ‘आज पिनियनला उतार आहे.’ सासूबाईंचं ब्लडप्रेशर त्यानं कधी इतक्या आस्थेनं विचारलेलं नाही. जमलेलं तेल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासलं जातं. खांब ठणठणीत आहेत. कुंपणाच्या आतला संसार तेवढा जरा कातावलेला असतो.

गेल्या वर्षी त्यानं मागचा ॲक्सल बदलायचं मनावर घेतलं. जुन्या शाफ्टचं टोक निमुळतं. त्यावर खिट्टी ठेवून हब बसवायचा आणि नट आवळायचा. चाकाचा भारही त्यानंच वाहायचा आणि चाक फिरवायचंही त्यानंच. बाहेरच्या अंगाला शाफ्ट तुटला की चाक मालकाच्या आधी घरी पोचतं. ‘फुल फ्लोटिंगमध्ये तसं नाही,’ त्यानं मला लायराईच्या जत्रेच्या गर्दीत थांबवून समजावलं. ‘भार हाउसिंगच्या नळीवर, शाफ्टनं नुसतं फिरायचं. आता कसं, पालखी उचलणारा आणि ढोल वाजवणारा एकच आहे. ते दोघे वेगळे करायचे.’ दृष्टान्त बिनतोड होता. ढोलामुळं निम्मा ऐकू आला नाही.

जुना हब निघता निघेना. पुलर लावून ताण देऊन ठेवला, रॉकेल पाजलं, आणि तो झोपला. रात्री दोन वाजता बार उडाल्यासारखा आवाज झाला. अख्खा वाडा कंदील-बॅटऱ्या घेऊन बाहेर आला, तर हा लुंगी सावरत अंगणात नाचतोय : ‘सुटला! सुटला!’ कुणाच्या घरची बाई सुटली असं समजून शेजारची म्हातारी मुलगा की मुलगी विचारत होती.

मग क्राऊन-पिनियन. क्राऊनचे दात ४३, पिनियनचे ८, म्हणजे ५.३८. मागं हा हिशेब आणि पुढं दुसराच असेल, तर फोर-बाय-फोर टाकल्यावर पुढची चाकं मागच्यांशी भांडतात. नेमका हाच जोड मिळवायला त्यानं बेळगाव पालथं घातलं. त्याच उत्साहात आणखी एक सुधारणा केली. ॲक्सलला श्वास घ्यायला वर एक छोटा ब्रीदर असतो. पावसात ओहळ ओलांडताना त्यातून पाणी शिरू नये म्हणून त्याला रबरी नळी जोडून ती सीटमागं उंच नेली. ‘आता कमरेएवढ्या पाण्यातून!’ तो म्हणाला. त्या चतुर्थीत जीप अंगणातून हलली नाही.

दिवाळीनंतर नवाकोरा ॲक्सल जुन्याहून जास्त गळू लागला.

डिचोलीतले गराजवाले त्याच्या जीपचा आवाज ओळखतात आणि जेवायला जातात, मग वाजले किती का असेनात. म्हणून तो पेडण्याच्या एका मेस्ताकडं जातो. मेस्ताचा एकच शब्द : ‘फाल्यां.’ तीन ‘फाल्यां’नंतर पिनियनचं सील बदललं. गळती चालूच. सील घासून तिथं चर पडलाय, असं ठरवून दुसरं सील केसभर पुढं बसवलं. तरी गळती चालूच. तिसऱ्या सीलनंतर आम्ही खात्री करायला केरीच्या फेरीबोटीतून तेरेखोलला निघालो. पाच मिनिटांच्या त्या प्रवासात बोटीच्या पत्र्यावर तेलाचं असं तळं साचलं, की खलाशानं आधी आमच्याकडं आणि मग नदीकडं पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मी ओळखलं.

परतताना मेस्तानं काही न बोलता ती रबरी नळी उपसली, तोंडाला लावली आणि फुंकली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा जाईना. तारेनं टोकरल्यावर आतून वाळक्या मातीचे गोळे पडले, आणि त्यांतून दोनतीन मेलेल्या अळ्या. कुंभारीण माशीनं सीटमागच्या उघड्या तोंडात घर बांधलं होतं. ॲक्सल तापला की आतली हवा फुगायची आणि तिला वाट नसल्यामुळं सीलमधून तेल बाहेर ढकलायची. मेस्तानं ते घर तळहातावर घेऊन जीपकाराला दाखवलं. ‘पात्रांव, काम मात बरें केलां.’ स्तुती माशीची होती.

मागची गळती थांबली. पेडण्याच्या मेस्तानं एवीतेवी हात काळे झालेत म्हणून बाकीचीही दोन पॅकिंगं बदलली. आठ दिवस करवंट्या कोरड्या. जीपकार सकाळी वाकून बघायचा आणि गप्प परत यायचा, चहा निवायचा. नवव्या दिवशी बायकोनं चारही करवंट्या उचलून न्हाणीच्या चुलीत घातल्या. तेल मुरलेल्या, पाणी म्हणे एका मिनिटात कढलं.

काल पहाटे सहाला त्याचा फोन. आवाज दबका, पण टवटवीत.

‘तुमच्याकडं करवंटी असेल का हो? एकच पुरे. पुढच्या उजव्या नकलला.’