साडेचारशे वॉट, स्टिकरपुरते

प्रति,
श्री. एसएमपीएस,
मु. कॅबिनेटचा मागचा कोपरा, पो. जवळा बाजार,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली.

विषय : आपल्या अंगावरील ‘४५० वॉट’ या स्टिकरबाबत खुलासा मिळणेबाबत.
संदर्भ : परवा रात्री पावणेदहाच्या सुमारास झालेला ‘फट्’ असा आवाज.

महोदय,

सा. न. वि. वि.

हे पत्र खुलं आहे आणि सध्या आपणही. चार स्क्रू काढून, पोटातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवून मी आपल्याला माझ्या टेबलावर उताणं ठेवलं आहे. डाव्या हाताला एक जळालेली पाच एचपीची मोटार, उजव्या हाताला उडालेला स्टार्टर. संगत वाईट नाही. जवळा बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवून माझी बावीस वर्षं झाली. काय जळालं ते मी बघायच्या आधी वासावरून सांगतो. परवा बहिणीच्या घरी चहा पीत बसलो होतो, तेव्हा मात्र वास ओळखायला जरा वेळ लागला. आपण जळाल असं मनातसुद्धा नव्हतं. अंगावर केवढ्या ठळक आकड्यांत ४५० लिहिलेलं!

ज्याला आपण वीज पुरवत होतात तो गेमिंग पीसी भाच्यानं कसा जमवला, ते आपल्याला कुणी सांगितलं नसेल. बारावीची परीक्षा झाली आणि पोरगं हळदीच्या शिजवणीवर रोजानं गेलं. वाफेनं तोंड भाजून घेतलं, नखं पिवळी करून घेतली. राहिलेले पैसे आईनं भिशीतून घातले. मॉनिटर चुलत्याचा जुना. सगळं मिळून चाळीस हजार जमले, आणि त्यातले निम्मे एकट्या ग्राफिक कार्डावर गेले. आपण मात्र एक पैसाही घेतला नाहीत. काचेचं दार आणि तीन रंगीत पंखे असलेल्या कॅबिनेटसोबत आपण फुकट आलात. लग्नातल्या आहेराच्या स्टीलच्या डब्यासारखे! ज्याचे पैसे मोजले नाहीत त्याचे गुण कोण मोजतो?

आपण येऊन पडलात तो तालुका साधासुधा नाही, हेही नमूद करतो. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपायच्या, त्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. महत्त्वाची यंत्रं अमेरिकेतून यायची, इमारती आणि निर्वात नळ्या इथल्या. म्हणजे तोही असेंबल पीसीच म्हणायचा. बजेट तेवढं जरा मोकळं. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल तिथे मोजायची आहे. अशा तालुक्यात कुणी आपल्या वॉटचा हिशेब मागितला, तर राग मानू नये.

आता मुद्द्यावर येतो. भाच्यानं मला एक इंग्रजी शब्द शिकवला, ‘कम्पॅटिबल’. मी म्हणालो, हे आम्हाला तीन शब्दांत येतं : बसतंय, चालतंय आणि जमतंय. खोंड जुवाखाली मान देतो, म्हणजे तो बसला. तासाला लागला, म्हणजे चालला. पण जोडीदार दोन पावलं टाकतो तेव्हा हा दीड टाकत असेल, तर जमलं नाही. दुपारपर्यंत एकाचा खांदा सुजणार. बाजारात विकणारा ‘बसतंय’ दाखवून ‘जमतंय’चे पैसे घेतो, आणि ही रीत बैलापुरती नाही.

जो भाग बसत नाही, त्याच्याइतका प्रामाणिक कुणी नाही. रॅमचंच घ्या. डीडीआर ४ आणि डीडीआर ५, दोन्हींना पिना २८८, लांबीही तीच; पण मधली खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी लावायला गेलात तर ती बसणारच नाही, आणि तोंडावर ‘नाही’ म्हणणारा पाहुणा केव्हाही बरा. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही रॅम चालवतात, पण त्यांचा मदरबोर्ड एकीचाच असतो. बोर्डाचं नाव सारखं वाटलं तरी शेवटापर्यंत वाचावं लागतं. प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. भाचा जोर लावायला निघाला होता. त्याला म्हणालो, औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, पण हे सॉकेट तुझ्यासाठी फिरणार नाही. प्रोसेसर तूच फिरव. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात. केसाएवढ्या. एक वाकली की भक्ती कामाला येत नाही.

दुसरी जात बसणाऱ्यांची आणि न चालणाऱ्यांची. इथे बऱ्याच जणांचे पैसे बुडतात. २०१७ मध्ये इंटेलनं आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेटचं नाव जुनंच, ११५१. मापही तेच. प्रोसेसर जुन्या बोर्डात आनंदानं बसायचा आणि तसाच बसून राहायचा. आमच्या घरात हीच कथा एएमडीची. बी४५० हा बोर्ड २०१८ चा, आणि भाच्याचा रायझेन ५ ५६०० हा २०२२ चा. बोर्ड आधी जन्मलेला, त्याला हा पाहुणा ओळखू येईना. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. बायॉस अपडेट केलं की ओळख पटते, पण अपडेट करायला आधी जुना प्रोसेसर हवा, नाहीतर पेनड्राइव्हवरून अपडेट घेणारा बोर्ड हवा. शेवटी परभणीच्या एका पोरानं स्वतःचा जुना प्रोसेसर चार तास उसना दिला. तेवढ्या वेळात मी दोन मोटारी भरल्या.

पडदा काळा राहण्याचं आणखी एक कारण नावातच असतं. ५६०० आणि ५६००जी यांत अक्षर एकच, पण जी असेल तर आत ग्राफिक आहे, नसेल तर नाही. इंटेलकडे उलटी भानगड : नावाच्या शेवटी एफ असला, की आतलं ग्राफिक बंद. ग्राफिक कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर असंच चालवू, असा बेत करून एफ घेणारा महिनाभर काळ्या पडद्याकडे पाहतो. पंखे तेवढे सुरेख फिरतात.

तिसरी जात बसणारी, चालणारी आणि तरी न जमणारी. सोळा जीबीची एकच पट्टी लावली तर पीसी चालतो. आठ-आठच्या दोन लावल्या तर रॅमला दोन वाटा मिळतात आणि गेम मोकळा धावतो. आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डाला बोर्डाकडून चारच लेन मिळतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या बोर्डावर त्या लेनही अरुंद होतात आणि कार्ड घामाघूम. काही शहाणे इंटेलचा चौथ्या पिढीचा जुना प्रोसेसर बोर्डासकट मातीमोल भावात आणतात. तो चालतोही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, विंडोज ११ दारातूनच परत जातं, आणि विंडोज ११ वर टीपीएम मागणाऱ्या व्हॅलोरंट गेमचं तर नावच नको. सगळं नीट जुळल्यावर भाच्यानं मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती, ही गोष्ट घरातली आहे. बाहेर सांगू नये.

आणि या तिसऱ्या जातीचे अध्यक्ष आपण!

आपल्याला कुठेही बसता येतं. चार स्क्रू, ठरलेली जागा; नकार नावालाही नाही. आपण चालताही. आपल्यावर विंडोज चढली, गाणी वाजली, दिवाळीसारखे दिवे लागले. गेम सुरू होईपर्यंत आपल्यासारखा गुणी जीव मिळणार नाही. कार्डाला आठ पिनांची केबल हवी होती, ती आपल्याकडे नव्हती. भाच्यानं जुन्या मोलेक्सच्या दोन तारांवरून आठ पिना करणारं कन्व्हर्टर लावलं. आठ पिनांच्या त्या केबलमधून दीडशे वॉटपर्यंत वीज मागता येते. म्हणजे तारेवर आकडा टाकून त्यावर थ्री फेजची मोटार चालवण्यासारखंच झालं. आपण काही बोलला नाहीत. आपला स्वभावच भिडस्त.

आता हिशेब. ठळक ४५० च्या खाली आपल्या स्टिकरवर एक बारीक रकाना आहे. भिंग घेऊन वाचला : १२ व्होल्ट, १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. गेमच्या वेळी प्रोसेसर आणि कार्ड खातात ते याच बारा व्होल्टच्या ताटातलं. बाकीचे वॉट ३.३ आणि पाच व्होल्टच्या रकान्यांत वाटलेले. आजच्या पीसीला तिथे फारशी भूकच नाही. प्रोसेसर ६५ वॉटचा, भार चढला की थोडा जास्तच. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं. दोघांचेच १९७ झाले; बोर्ड, रॅम, एसएसडी आणि ते तीन रंगीत पंखे अजून पंगतीत बसायचे आहेत. एकशे अडुसष्टचा स्वयंपाक करून आपण साडेचारशेच्या पत्रिका वाटल्या होत्या. बहिणीनं घेतलेल्या यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलंय. व्हीए आणि वॉट यांतला फरक मला ठाऊक आहे, म्हणून तेही पत्र लवकरच लिहीन.

आपण गेलात, पण एकटे नाही गेलात; मदरबोर्डालाही सोबत घेऊन गेलात. कार्ड वाचलं, ही आपली मेहेरबानी. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, सोबत फुकट दिला होता, फुकटाची काय गॅरंटी मागायलाव?’ त्याचं चूक नाही. चांगला एसएमपीएस घ्यायचा तर पैसे पडतात, ८० प्लसचं चिन्ह लागतं, बारा व्होल्टच्या रकान्यात पस्तीसेक अँपिअर लागतात, आणि एवढं करून गेममध्ये एकही फ्रेम वाढत नाही. शेजारच्या पोराला दाखवण्यासारखं काहीच नाही. म्हणून चाळीस हजारांच्या प्रत्येक यादीत आपलं नाव सगळ्यात शेवटी येतं, उरलेल्या पैशांत.

इथवर आपल्याला पुष्कळ बोललो. आता एक कबुली. आपण खोटं बोलला नाहीत. मोठ्या आकड्यात नसेल, पण खरं आपण लिहून ठेवलं होतं, बारीक अक्षरांत का होईना. आणि माझा धंदाच नेमप्लेट वाचायचा. शेतकरी मोटार आणतो, म्हणतो पाच एचपीची आहे. मी आधी प्लेटवरचे अँपिअर पाहतो, मग आतलं तांबं, आणि सांगतो : दादा, प्लेट पाचाची, माल तिनाचा. तीन एचपीच्या मोटारीवर पाचाचा भार टाकणाऱ्यांना मी बावीस वर्षं हसत आलो. आणि ज्या संध्याकाळी भाच्यानं आपल्याला माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ‘मामा, हा पुरंल का?’ तेव्हा मी आपल्याला उलटं करून पाहिलंसुद्धा नाही. स्टिकर भिंतीकडच्या बाजूला गेलं. मी चारही स्क्रू स्वतः आवळले, बटण दाबलं, दिवे लागले, आणि मी म्हणालो, ‘चालायलंय ना? मग झालं.’

म्हणजे पोराच्या हळदीचे पैसे आपण नाही घालवले. माझ्या त्या चार शब्दांनी घालवले. मदरबोर्डाचे पैसे मी भरले, बहिणीला न सांगता. नव्या एसएमपीएसच्या खरेदीला भाच्याला सोबत नेलं. दुकानदारानं वॉट सांगितले. पोरानं खोकं उलटं केलं, रकाना शोधला आणि मोठ्यानं वाचला. गुणाकारही तिथेच केला, तोंडी. काउंटरपलीकडचा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे पाहिलं.

कळावे, लोभ होता, आता नसावा.

आपला,
एक रिवायंडर,
जवळा बाजार

ता. क. : आपला पंखा चांगला निघाला. सोल्डरचा धूर ओढायला दुकानात लावला आहे. आपल्या ट्रान्सफॉर्मरमधलं तांबंही काढून तोललं. किती भरलं ते इथे लिहीत नाही. गेलेल्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.