पाहुणे आले, पी.टी. गेली

शाळेत ऑलिंपिकवीर येणार म्हटलं की सगळ्यात आधी मैदान बंद होतं. तिथे मांडव घालायचा असतो. आठवडाभर आधीपासून शिपाई काठी घेऊन उभा, 'खेळू नका रे इथे, खांब पडतील.' खेळाचं महत्त्व सांगायला पाहुणे यायचे तर खेळ थांबवावाच लागतो, त्याला कुणाचा इलाज नाही.

कार्यक्रम साडेदहाचा, मुलं आठपासून रांगेत. लेझीम पथक फाटकाशी, औक्षणाचं तबक मुख्याध्यापिकांच्या हातात, आणि पाहुणे 'वाटेत आहेत'. पाहुण्यांच्या आधी आमदार यायचे आहेत आणि आमदारांच्या आधी त्यांचा फोटोवाला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. व्यासपीठावर चौदा खुर्च्या, त्यातली एक खेळाडूची. प्रास्ताविक संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होतं आणि सध्याच्या कार्यकारिणीशी येऊन थांबतं. अध्यक्ष सांगतात की तेही कॉलेजात कबड्डी खेळायचे, गुडघा दगा देता ना तर आज चित्र वेगळं असतं. शिक्षकवर्ग दाद देतो. द्यावीच लागते, वेतनवाढीच्या कागदावर अध्यक्षांची सही असते.

खेळाडूच्या वाट्याला दहा मिनिटं उरतात. ज्याने उभं आयुष्य भाला चालवला, बंदूक चालवली, पाय चालवले, त्याला आपण तोंड चालवायला बोलावतो. तो बिचारा सांगतो, मेहनत करा, मोबाइल कमी बघा, आईवडिलांचं ऐका. हे सांगायला पदक लागत नाही, शेजारचे काकाही सांगतात. मग पदक फिरतं. पहिल्या दोन रांगांना हात लावायला मिळतो आणि पहिल्या दोन रांगांत कुणाची मुलं बसवलेली असतात हे वाचकांना सांगायला नको. पाचवी ब मागे, उन्हात. तिला टाळ्यांचं काम दिलेलं असतं.

प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द होतात. बरंच होतं म्हणा. एखाद्या पोराने उठून विचारलं असतं, 'दादा, तुम्हाला पहिल्यांदा कोणी शिकवलं?' तर व्यासपीठाची पंचाईत होती. कारण याचं उत्तर बहुतेक वेळा 'आमच्या शाळेतल्या सरांनी' असं येतं, आणि तसले सर आता शाळेत शोधावे लागतात.

प्रवीण जाधवचंच बघा. फलटण तालुक्यातलं सरडे गाव, आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याला पळायला लावलं, खाण्यापिण्याची काळजी घेतली, क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेला लावलं. पुढे तो धनुर्धर झाला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. सरड्याच्या शाळेत तेव्हा कुणी विश्वविजेता भेटीला आल्याचं ऐकिवात नाही. रोज सकाळी शाळेत येणारे गुरुजी मात्र होते. स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, वडील शिक्षक. आणि ज्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं, ते खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक? जायला पैसे नव्हते. सरकारने हात वर केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं कराडपासून कोल्हापूरपर्यंत आजही सांगतात. तेव्हा खेळाडूसाठी प्राचार्य घर गहाण टाकत. आता खेळाडूला बोलावून संस्था प्रवेशाचा फ्लेक्स छापते. प्रगती ही अशी सर्व बाजूंनी होत असते.

१५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. २९ ऑगस्ट, ध्यानचंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. वर्षाला दोन दिवस झाले. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, यावर अजून परिपत्रक निघालेलं नाही.

सरकारी पातळीवर मात्र विचार फार मोठा झाला. टोकियोहून खेळाडू परतले, १६ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी त्यांना घरी बोलावलं आणि आवाहन केलं की प्रत्येकाने १५ ऑगस्ट २०२३ पर्यंत ७५ शाळांना भेट द्यावी, मुलांशी कुपोषणावर बोलावं, त्यांच्याबरोबर खेळावं. त्याची सुरुवात नीरज चोप्राने ४ डिसेंबर २०२१ ला अहमदाबादच्या संस्कारधाम शाळेतून केली. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. हिशेबाला आहे. टोकियोला आपले सव्वाशेच्या आसपास खेळाडू गेले होते आणि पॅरालिंपिकला ५४. सगळ्यांनी मिळून आपापल्या ७५ शाळा इमानेइतबारे उरकल्या असत्या, तरी बेरीज साडेतेरा हजारांच्या घरात जाते. देशात शाळा पंधरा लाखांच्या जवळपास. म्हणजे शंभरातल्या एका शाळेलासुद्धा पाहुणा पुरत नाही. आणि एकेका खेळाडूने दोन वर्षं महिन्याला तीन शाळा करायच्या, तर त्याने सराव कधी करायचा, हे आवाहनात नव्हतं. ७५ हा आकडा कुठून आला हे विचारू नये. ते अमृतमहोत्सवाचं वर्ष होतं. स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली असती तर साठ शाळांत भागलं असतं.

सत्काराने खेळाडूचं काय होतं, याचा पुरावा खुद्द नीरजच आहे. ७ ऑगस्टला सुवर्ण जिंकलेल्या या मुलाने त्याच महिन्याच्या २६ तारखेला त्या वर्षीचा मोसम संपल्याचं जाहीर केलं. कारण त्याने स्वतःच दिलं होतं. प्रवासाचा भरगच्च कार्यक्रम आणि आजारपण, त्यामुळे टोकियोनंतर सराव सुरूच करता आला नाही. जगातल्या भल्याभल्या भालाफेकपटूंना जे टोकियोत जमलं नाही, ते आपल्या हारतुऱ्यांनी तीन आठवड्यांत करून दाखवलं.

या शाळाभेटींचा विषयही ठरलेला होता: संतुलित आहार. आता आहाराचं सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचा निधी थांबला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं कळवण्यात आलं. म्हणजे प्रथिनांचं महत्त्व ऑलिंपिकवीराने सांगायचं आणि प्रथिनं गावाने वर्गणी काढून आणायची. कामाची वाटणी स्पष्ट असली की गोंधळ होत नाही.

एक परदेशी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. २०२० च्या जूनमध्ये, कोविडच्या ऐन भरात, इंग्लंडमधल्या गरीब घरच्या मुलांना शाळेचं मोफत जेवण मिळत होतं, ते उन्हाळी सुटीत बंद होणार होतं. मार्कस रॅशफर्ड तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा २२ वर्षांचा फुटबॉलपटू. स्वतः लहानपणी त्याच जेवणावर वाढलेला. त्याने खासदारांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. एका दिवसात सरकारने निर्णय फिरवला आणि तेरा लाख मुलांच्या सुटीतल्या जेवणाची सोय झाली. शाल नाही, श्रीफळ नाही. आपल्याकडच्या एखाद्या खेळाडूने असं पत्र लिहिलं तर पहिल्यांदा त्याचा संघ कुठला, मग पक्ष कुठला आणि शेवटी जात कुठली हे तपासलं जाईल. मुद्द्यापर्यंत पोचेतो सुटी संपलेली असेल. म्हणून आपले खेळाडू शहाणे, ते मोबाइल कमी बघा एवढंच सांगतात.

एकाने प्रयत्न केला होता. तोही साधासुधा नव्हे. २१ डिसेंबर २०१७ ला सचिन तेंडुलकर राज्यसभेत उभा राहिला. विषय होता मुलांचा खेळण्याचा हक्क. सभागृहात दुसऱ्याच विषयावर गदारोळ चालला होता. सभापती विनवण्या करत होते, हा माणूस हातात कागद घेऊन उभा. शेवटी न बोलता खाली बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपलं भाषण फेसबुकवर टाकलं. शिक्षण हक्क कायद्यात खेळाचा हक्क घाला, अशी त्याची मागणी होती. ज्याच्या एका धावेसाठी देश टीव्हीसमोर श्वास रोखून बसायचा, त्याला खेळाबद्दल दहा मिनिटं बोलायला देशाच्या सभागृहात शांतता मिळाली नाही. हार घालायला तो कधीही चालतो. मागणी घेऊन आला की गोंगाट सुरू.

बरं, तो कायदा अगदीच कोरडा आहे असंही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सांगितलंय. खेळाचं साहित्य सांगितलंय. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी निदेशकही सांगितलाय. पण कसा? अंशकालीन. शरीर पूर्णवेळ, त्याचं शिक्षण अर्धवेळ. त्या अंशकालीन निदेशकांची मानधनाची आणि मुदतवाढीची लढाई कोर्टापर्यंत गेली, ती वेगळी मॅरेथॉन आहे आणि तिला पदक नसतं. पट शंभराच्या आत असेल तर तेवढंही नाही, आणि खेड्यापाड्यातल्या बहुतेक शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. पहिली ते पाचवीला तर पी.टी.च्या सरांची तरतूदच नाही. लहान वयात तरतूद नको, जरा मोठी झाली की अर्धी देऊ.

वेळापत्रकात मात्र पी.टी. असते. शाळेत जाऊन बघा, नीट चौकट आखून लिहिलेली असते. त्या तासाला गणिताच्या बाई येतात, कारण त्यांचा पोर्शन राहिलेला असतो. नाहीतर कुणीच येत नाही, कारण ज्यांच्याकडे पी.टी. सोपवलीय ते गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेलेले असतात. खेळाच्या खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला. खोली उघडलीच तर आत काय दिसतं? हवा गेलेले दोन व्हॉलीबॉल, दोरी तुटलेलं नेट, गंजलेला गोळा आणि एक थाळी, जी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावलेली असते. अनुदान खर्च झालेलं असतं. साहित्य नवं असतानाच कुलूप लावलं होतं, मुलांनी खेळून खराब करू नये म्हणून.

जून २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून मुलांना लष्करी शिस्तीचं प्राथमिक प्रशिक्षण देण्याची कल्पना मांडली, अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेऊन. म्हणजे पी.टी.चा एक मास्तर नेमायला पैसे नाहीत, पण फौज उभी करायची तयारी आहे.

खासगी शाळांचं वेगळंच. तिथे खेळाडू खरंच येतो, वेळेवर येतो, कारण त्याची व्यवस्था बघणारी कंपनी त्याचे पैसे घेते. वार्षिक समारंभात मुलं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात आणि ती छायाचित्रं पुढच्या प्रवेशाच्या जाहिरातीत येतात. जाहिरातीत हिरवळ असते. ती हिरवळ कृत्रिम असते, आणि शाळा सुटल्यावर तासाच्या भाड्याने मोठ्या माणसांना दिली जाते. मुलांना आठवड्यातून दोन तास. फी मात्र आठवडाभराची.

खेळाडूंचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना बोलावलं की ते येतात, आपल्या मातीतल्या पोरांना बघून त्यांनाही भरून येतं. हरसूलच्या बाजूची कविता राऊत, बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, ही मुलं ज्या रस्त्यांवर पळाली त्या रस्त्यांवरच्या शाळांत ती गेली तर तिथलं एखादं पोर दुसऱ्या दिवशी पळायला लागतं, हेही खरं. भेट वाया जात नाही. पण दुसऱ्या दिवशी पळायला लागलेल्या त्या पोराकडे तिसऱ्या दिवशी बघायला कोणी नसतं. पाय कसा टाकतोय, श्वास कुठे तुटतोय, बूट आहेत का, सकाळी काही खाल्लंय का, हे बघायला मांडव लागत नाही. पगारी माणूस लागतो. तो रोज यावा लागतो आणि त्याचा फोटो पेपरात येत नाही, म्हणूनच त्याची जागा भरायची कुणाला घाई नसते.

तेव्हा तुमच्या मुलांच्या शाळेत एखादा पदकविजेता येणार असल्याचा निरोप पालकांच्या ग्रुपवर आला, तर जरूर जा. टाळ्या वाजवा, फोटो काढा. आभारप्रदर्शन संपलं की मुख्याध्यापकांना गाठा आणि शांतपणे एवढंच विचारा की या शाळेत शारीरिक शिक्षणाची मंजूर पदं किती आहेत आणि भरलेली किती. उत्तर लेखी मागा.