काचेवरचा गणपती

बीदरहून लोक बिदरीची सुरई आणतात. आम्ही एसीचा फिल्टर आणला.

श्रावणातली झड होती. उदगीरहून आम्ही चौघे निघालो: मी, माझी सात वर्षांची चिमी, मामा आणि मामी. बीदर, मग माणिकनगर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गाणगापुरात माधुकरी, असा मामांनी आखलेला बेत. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पुढच्या सीटवर बसले, तरी गाडी तेच चालवतात. ‘डबल बेल’ म्हटल्याशिवाय मला क्लच सोडायची मुभा नाही.

बीदरला आधी नरसिंह झरणी केली. देव बोगद्याच्या टोकाला, बोगद्यात छातीइतकं पाणी, डोक्यावर वटवाघळं. चिमी माझ्या खांद्यावर, मामी नऊवारीसकट पाण्यात. बाहेर आलो ते निथळतच. कोरडे कपडे चढवले आणि ओले मागच्या सीटवर पसरले. मामींचं लुगडं या दारापासून त्या दारापर्यंत. मग महमूद गवानचा मदरसा पाहिला. 1472 सालचा. दर्शनी भागातला एकच मिनार उभा आहे. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटानं बराच भाग ढासळला. मामांनी भोवती फेरी मारून निदान केलं, “मेन्टेनन्स नाही.”

हुमनाबादच्या रस्त्याला लागलो आणि पाच-सहा किलोमीटरवर समोरची काच पांढरी झाली. वायपर फिरत होते, पण बाहेरून. धुकं आत होतं. मी पंखा चारवर नेला, काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं. दमेकरी आजोबांनी गार चहावर फुंकर घालावी, तेवढी हवा आली. हातानं पुसावं तर दोन मिनिटांत पुन्हा दुधाची साय. चिमीला मात्र पाटी मिळाली. ती पुढे वाकली आणि डाव्या कोपऱ्यात बोटानं सोंडेसकट गणपती काढून मोकळी झाली.

चहाच्या टपरीवर थांबलो. तिथं गाडीपेक्षा वैद्य जास्त. एकानं कांदा चोळायला सांगितला, एकानं बटाटा. मामांनी कोणाला न विचारता स्वतःच्या डबीतली तंबाखू चोळली. धुकं तसंच राहिलं, वर मामी शिंकायला लागल्या. कोपऱ्यात बसलेले एक आजोबा गाडीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, “खिडकी तेगीरी.”

उदगीर-बीदर रूट केल्यामुळे कन्नड आपल्याला येतं, असा मामांचा दावा. त्यांनी भाषांतर केलं, “म्हणतात, खिडकी नीट लावून घ्या.” आम्ही चारही काचा करकचून लावल्या. पुढची काच आता बाजूच्या काचांनाही घेऊन आंधळी झाली.

रांगत रांगत हुमनाबाद गाठलं. गॅरेजवाल्या भाईंनी पंखा पूर्ण सोडून काचेखालच्या फटीवर तळहात धरला. मग हवा गरम करून पाहिली. “गरम आरी. हीटर बराबर है,” म्हणजे कूलंट, थर्मास्टॅट सगळं सुटलं. “हवाच कम है.” त्यांनी पुढच्या सीटसमोरचा कप्पा उतरवला आणि मागून फिल्टर ओढला. तो फिल्टर आहे हे मला सांगावं लागलं. राखाडी गोधडीच होती ती. तिच्यात लिंबाचा पाला, तुरीचा भुसा आणि उंदरानं कुरतडलेलं लग्नपत्रिकेचं पान. साडेतीनशे रुपयांत नवा बसला आणि काचेवर वारा घोंगावू लागला.

पण धुकं हलेना. भाईंनी डॅशबोर्डवर नजर फिरवली. एका बटणावर पिवळा दिवा लागला होता. गाडीच्या पोटात वळलेला बाण. “ये कौन दबाया?”

“मी,” मामा ताठ बसून म्हणाले. “बाहेरची ओल आत यायला नको.”

“पानी अंदर का है चाचा, भार का नै,” भाईंनी मागच्या सीटवरच्या लुगड्याकडे बोट केलं. त्या बटणानं आतलीच हवा आत फिरते. चार माणसांचा श्वास आणि झरणीचं पाणी उदगीरपर्यंत फिरत राहिलं असतं, आणि प्रत्येक फेरीत गार काचेवर थोडं जमत गेलं असतं. त्यांनी बाण बंद केला, एसी लावला आणि वर हवा गरमवर ठेवली. पावसात एसी? पण एसी हवेतलं पाणी पिळून गाडीखाली टाकतो आणि गरम हवा काच उबदार ठेवते. दोन मिनिटांत काचेच्या खालून स्वच्छ अर्धचंद्र उगवला आणि वर चढत गेला.

“पयले खिडकी जरा खोलते तो भी चलता था,” भाई म्हणाले.

मला टपरीवरचे आजोबा आठवले. ‘तेगीरी’ म्हणजे ‘उघडा’. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर कलबुर्गी येईपर्यंत डबल बेल झाली नाही.

निघताना भाईंनी काच आतून पुसायला घेतली. हात लावून लावून तेलकट झाली होती. डाव्या कोपऱ्याशी फडकं पोचताच मामी कडाडल्या, “तिथं गणपती आहे! विसर्जनाला अजून महिना आहे!” भाईंनी कानाला हात लावला आणि तेवढा कोपरा सोडला.

पुढे अनंत चतुर्दशी आली, गेली. विसर्जन राहूनच गेलं. परवा थंडीत पहाटे गाडी काढली, काच धुरकटली आणि डाव्या कोपऱ्यात सोंड उमटली. मी एसीकडे हात नेला.

“थांब,” मामा म्हणाले. हात जोडले, डोळे मिटले, आणि मग स्वतःच खिडकी बोटभर खाली केली.

“तेगीरी,” ते म्हणाले. “डबल बेल.”