दाबा आणि बाजूला व्हा

मोटारीला दोन तोंडं असतात. एकाने ती पाणी पिते, दुसऱ्याने पेट्रोल. तिसरं तोंड चालवणाऱ्याचं, पण त्याला बसेल असं झाकण अजून कुणाला जमलेलं नाही, म्हणून ते सोडून देऊ. पहिल्या दोन तोंडांच्या झाकणांवर मात्र मोटारीच्या जन्मापासून जगभरातल्या खटपट्या मंडळींनी डोकं चालवलं आहे. कुणी झाकणाला साखळी लावली, कुणी कुलूप लावलं, कुणी त्यात थर्मामीटर खोचला, आणि कुणाला तरी वाटलं की याला एक बटण असावं.

या बटणवाल्यावर माझा जीव आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की झाकण पिळत बसू नका. वरचं बटण अंगठ्याने दाबा, आतली स्प्रिंग सुटेल आणि झाकण बिजागरीवर टपकन उभं राहील. रेडिएटरलाही हेच, पेट्रोलच्या टाकीलाही हेच. हाताला काळं लागणार नाही, झाकण मडगार्डवर ठेवून विसरून जायची भीती नाही. पहिल्यांदा ऐकलं की 'वा!' म्हणावंसं वाटतं. रेडिएटरचा नीट विचार केला की दोन पावलं मागे सरकावंसं वाटतं.

पण त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मोटारीच्या लहानपणी रेडिएटर म्हणजे पुढे उभी केलेली पाण्याची टाकी होती आणि तिचं झाकण हे निव्वळ झाकण होतं. आत दाब नाही, काही नाही. फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांना तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार झालेलं खाली उतरायचं आणि मधल्यामध्ये बरंचसं वाफ होऊन हवेत जायचं. त्यामुळे जिथे गाडी थांबेल तिथे पाणी घाला, हा रोजचा धर्म. तापलेलं पितळी झाकण दर मुक्कामी पिळून काढायचं तर माणसाला बटण सुचणारच. मला ते सुचलं नसतं, कारण मी आधी शोफर सुचवला असता.

त्या काळात झाकणाला मानही फार. मोटारीच्या नाकावर अगदी मध्यभागी त्याची जागा. अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर थेट झाकणातच बसवलेला मिळे. त्यातला लाल द्रव चालवणाऱ्याला काचेपलीकडून दिसायचा. म्हणजे रस्ता आणि गाडीचा ताप एकाच नजरेत. रोल्स-रॉईसने तर झाकणावर बाईच उभी केली. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ साली घडवलेली ती अंग झोकून दिलेली मूर्ती मुळात रेडिएटरच्या झाकणावरची. म्हणजे पाणी घालायचं तर मूर्तीलाच पिळून उचलायचं! पुढे झाकण बॉनेटच्या आत गेलं, बाई बाहेरच राहिली. २००३ च्या फँटमपासून बटण दाबलं की ती सरळ खाली ग्रिलमध्ये उतरते. बटणवाल्याचं स्वप्न असं उलटं खरं झालं: झाकण गेलं आणि बटण उरलं.

शर्यतीवाल्यांना घाई सगळ्यांत जास्त. फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. एका झटक्यात उघडणारी झाकणं या मंडळींच्या फार कामाची. तर तिथल्या पंचांनी काय करावं? ठरावीक फेऱ्या पूर्ण होईपर्यंत पाणी, पेट्रोल, तेल घालायचं नाही असा नियम करून त्या झाकणांना शिशाची सीलं ठोकली. क्षणात उघडणारं झाकण आणि ते उघडू नये म्हणून नेमलेला माणूस, ही व्यवस्था आपल्याकडची कचेरी पाहिलेल्याला अपरिचित वाटू नये.

मग रेडिएटरचं झाकण शहाणं झालं, आणि इथे बटणाचा निकाल लागला. पाणी उकळून जातंय ना, मग दाबून धरा, असा विचार झाला. मोकळ्यावर पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत ते ९५-९६ वरच उकळायला लागतं, म्हणजे चढून चढून गाडी तापणार आणि नेमकं तिथेच पाणी हळवं होणार. पण आत साधारण एका वातावरणाचा जादा दाब ठेवला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत गप्प राहतं. आपल्या घरातला कुकर याच हिशेबावर डाळ शिजवतो. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण आणि शिट्टी एकत्र: दाब मर्यादेबाहेर गेला की एक झडप उचलली जाते आणि जादा पाणी बाजूच्या बाटलीत जातं. इंजिन थंडावलं की दुसरी धाकटी झडप ते पाणी पुन्हा आत ओढून घेते. आता मला सांगा, शिट्टी व्हायच्या बेतात असलेल्या कुकरला अंगठ्याने उघडायचं बटण कोणती गृहिणी लावून घेईल? ११० अंशांचं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन उसळतं. बटण दाबणाऱ्याचा चेहरा त्या वेळी झाकणाच्या बरोब्बर वर असतो, कारण तो उघडतंय का ते बघत असतो.

म्हणून या झाकणाचे कान मुद्दाम अडवणूक करतात. पाव वळसा दिला की ते एका खाचेत अडतं आणि आतली वाफ बाजूच्या नळीने निघून जाते. मग वरून दाबून पुन्हा फिरवलं तरच सुटतं. मधल्या खाचेचा उद्देश एवढाच की माणसाने थांबावं. यंत्रात थांबण्याची जागा मुद्दाम करून ठेवली आहे हे मला फार सभ्यपणाचं वाटतं.

ही खाच कशी वापरावी याचे आमच्याकडचे अधिकारी पुरुष म्हणजे माझे मामा. त्यांच्याकडे एक सेकंडहँड गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तोपर्यंत तिच्यात मूळ कंपनीचं फारसं काही उरलेलं नव्हतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला २००२ साली. त्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे खोपोलीपुढे बोरघाट चढायचा, आणि मे महिन्यात तिथल्या प्रत्येक वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली एक गाडी आणि तिच्याकडे पाठ करून उभं असलेलं एक कुटुंब असायचं. शिंग्रोबाच्या देवळापाशी मामा नाणं टाकायचे. या घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली, त्याचं ते ठाणं. मामांचं म्हणणं, धनगराने वाट दाखवली ती पायी चढायची. गाडी चढवायची जबाबदारी त्याच्यावर नाही, तरी विचारून ठेवावं.

काटा लालकडे झुकला की मामांचा पहिला उपाय ठरलेला. ते गाडीतला हीटर लावायचे. मे महिना, दुपार, घाट, आणि हीटर! शास्त्र पक्कं होतं: हीटर म्हणजे एक धाकटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता काढून माणसांच्या अंगावर सोडतो.

"अहो, आपण पुण्याला चाललोय ना? सिमल्याला नाही," मागून मामी.

"अगं, इंजिनला आराम पडतोय."

"मला कधी पडायचा?"

तेवढ्यानेही भागलं नाही की गाडी कडेला. बॉनेट वर. मग मामा घड्याळ काढून मडगार्डवर ठेवत आणि कुणालाही झाकणाजवळ फिरकू देत नसत. गाडी बंद पडल्याची बातमी घाटात कशी पसरते देव जाणे, पण पाच मिनिटांत सल्लागार जमत. ट्रकचा क्लीनर म्हणे फॅन बेल्ट बघा. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतूनच सांगून जाई, "साहेब, झाकण उघडू नका हां!" सफारी सूट घातलेले एक गृहस्थ एकदा स्वतःची गाडी मागे लावून आले. 'काय घाबरता, असं पटकन फिरवायचं' म्हणत ते आपल्याच गाडीकडे गेले आणि खाच-बीच न मानता एका दमात झाकण फिरवलं. पाण्याचा गंजकट तांबडा फवारा जांभळाच्या फांदीपर्यंत गेला. गृहस्थ वेळेवर उडी मारून बचावले, सफारी बचावली नाही. मामांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अजून वीस मिनिटं."

ती वीस मिनिटं मला आठवतात ती जमलेल्या सल्लागारांच्या गप्पांसाठी. बटण असतं तर ही माणसं आमच्या आयुष्यात आलीच नसती. वडे खाऊन व्हायचे, क्लीनरच्या गावातली कुणीतरी आमची नातेवाईक निघायची. मग मामा ओला पंचा चौघडी करून झाकणावर ठेवत, पाव वळसा देत. सुस्स! सगळे मागे. मामा आकाशाकडे बघत उभे. आवाज थांबला की दाबून दुसरा वळसा. "इंजिन चालू ठेव. धार बारीक!" हे मला. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, हे मला शाळेतल्या पदार्थविज्ञानाआधी घाटात कळलं.

पेट्रोलच्या झाकणाची गोष्ट निराळी. तिथे बटणवाल्याची बाजू घ्यायला मी तयार आहे. ते झाकण उघडायला तशी घाई असते, कारण मागे रांग असते. अडचण झाकणाची नसून ते कुठे आहे याची असते. मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली होती. पेट्रोल भरायचं तर चालवणाऱ्याने उठायचं, शेजारच्या बाईनेही उठायचं, गादी उचलायची. हे वाचताना मराठी माणसाला हसू येत नाही, कारण १९७२ साली आलेल्या बजाज चेतकवर आपण तेच केलं. पंप आला की आधी मागची बायको उतरायची, मग पुढे उभा असलेला मुलगा, मग आपण. सीट वर, झाकण उघड, पेट्रोल, त्यात मापाने ऑइल, झाकण बंद, सीट खाली, मुलगा पुढे, बायको मागे. त्यात बटणाने वाचले असते दोन सेकंद. टाटांची नॅनो आली तेव्हा पेट्रोल भरायची जागा पुढच्या बॉनेटखाली होती. पंपावरचा नवा पोरगा नळी घेऊन मागून पुढे प्रदक्षिणा घालायचा आणि मालक अभिमानाने बॉनेट उघडायचा.

या झाकणालाही एक गुप्त काम असतं. जुन्या दुचाक्यांच्या झाकणात एक बारीक भोक असायचं. पेट्रोल जसं खाली जाईल तशी टाकीत हवा शिरली पाहिजे, नाहीतर आत पोकळी होते आणि टाकी भरलेली असूनही थेंब उतरत नाही. शेजारच्या काकांची मोटारसायकल पावसाळ्यात एका चौकात अशीच थांबली. त्यांनी प्लग साफ केला, कार्ब्युरेटर उघडला, दोन्ही कामं करताना सरकारला नावं ठेवली. मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडलं, ते हलकेच हुश्श झालं, टाचणीने भोकातला चिखल काढला, झाकण लावलं, किक मारली. काकांना पैशांचं काही वाटलं नाही. टाचणी आपल्याही खिशाला होती याचं वाटलं.

मोटारींमध्ये आता झाकण सीटजवळच्या एका खटक्याने उघडतं. त्याच्याच शेजारी, त्याच आकाराचा, बॉनेटचाही खटका असायची पद्धत काही गाड्यांत आहे. पंपावर रांगेत उभं राहून माणूस रुबाबात खटका ओढतो, पुढे बॉनेट धाडकन उचकटतं आणि पंपावरचा पोरगा शांतपणे विचारतो, "साहेब, पाणी बघायचंय का?" टाकी डावीकडे की उजवीकडे हा तर कायमचा घोळ. फोर्डमध्ये काम करणारे जेम्स मॉयलन १९८६ साली कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला गेले, पंपाच्या चुकीच्या बाजूला गाडी लावली आणि पावसात भिजले. दुसऱ्या कुणी छत्री घेतली असती. त्यांनी कंपनीला लिहून कळवलं की काट्याशेजारी टाकीची बाजू दाखवणारा एक बाण काढा. १९८९ च्या मॉडेलांपासून तो आला आणि आज बहुतेक गाड्यांत असतो. तरी तो ठाऊक नसलेली सुशिक्षित माणसं पंपापंपावर खिडकीतून मान काढून ओरडत असतात, "अहो, माझी टाकी कुठल्या बाजूला आहे?" जणू काही पंपवाल्याने ती मागल्या खेपेला ठेवून घेतली होती.

आता मामेभावाने विजेची गाडी घेतली आहे. बटण दाबलं की तिचं चार्जिंगचं दार आपोआप उघडतं. पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा मामांनी नातवाला हाताला धरून बाजूला ओढलं. काहीच उसळलं नाही. मामा जरा हिरमुसले.

"पाणी कुठे घालायचं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, याला पाणी नाही लागत."

"बॉनेट उघड."

बॉनेट उघडलं. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. आत एका कोपऱ्यात गुलाबी द्रवाची प्लास्टिकची बाटली होती, कारण बॅटरीही तापते आणि तिलाही थंड ठेवावं लागतं. बाटलीवर फिरकीचं झाकण, झाकणावर वाफेचं चित्र आणि गरम असताना उघडू नका अशी सूचना.

"आहे!" मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे गाडीच आहे ही. चला, बसा सगळे. अगं, पंचा घेतलास ना?"