निवांतपणाची फाइल

फ्रान्सच्या दोर्दोन्य खोऱ्यात दगडी घर भाड्याने घेणारा पाहुणा येतो तो ‘काही म्हणजे काही करायचं नाही’ असं ठरवून. टेबलावर घरमालकाने ठेवलेली ‘काय काय पाहाल’ची फाइल दिसते आणि गडी सकाळी सातचा गजर लावतो.

पहिला मान लास्कोचा. १९४० साली सापडलेली ही चित्रगुहा १९६३ पासून बंद आहे. बघणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रं बिघडू लागली होती. म्हणून आधी नक्कल बांधली, मग २०१६ मध्ये त्याहून मोठी नक्कल. तिकीट तेवढं अस्सल.

मग सार्ला गावचा शनिवारचा बाजार. चौकात तीन हंसांचा कांस्य पुतळा आहे. त्याच्या गळ्यात गळा घालून फोटो काढायचा आणि वळून त्याच्याच भाईबंदांच्या यकृताचा डबा घ्यायचा. (शाकाहाऱ्यांनी अक्रोड घ्यावेत, इथले चांगले असतात.)

किल्ले तर पैशाला पासरी, फ्रेंच-इंग्रज लढायांची आठवण. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना या मुलखातून हाकललं. आता तेच इंग्रज पडकी घरं विकत घेऊन, वर छप्पर घालून मुक्काम ठोकून आहेत. बेकरीत पाव इंग्रजीतून मागतात, बाई सुटे फ्रेंचमधून मागते.